जुन्या चार्जरला कोणतं वायरिंग?
प्रश्न : माझ्या १९६९ च्या डॉज चार्जर गाडीला इलेक्ट्रिक पंखे आणि फ्युएल इंजेक्शन बसवलंय. हुबेहूब जुन्यासारखंच वायरिंग हार्नेस घेऊ का?
– एक वाचक, मिशिगन

उत्तर : नको. मूळ रचनेत चार्जिंगचा करंट डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरमधून फिरतो. वाढीव भाराने त्या वाटेतला फायरवॉलवरचा कनेक्टर तापून वितळू शकतो. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं, पण ब्लेड फ्यूजचं आधुनिक हार्नेस घ्या. वायरचं इन्सुलेशन १२५ अंश सेल्सिअस सोसणारं, क्रॉसलिंक्ड हवं. पंखे आणि फ्युएल पंपाला स्वतंत्र रिले, फ्यूज द्या. अल्टरनेटरची जाड वायर फ्यूजमधून थेट बॅटरीकडे न्या आणि अ‍ॅमीटरऐवजी व्होल्टमीटर लावा. इंजिन, बॉडी, बॅटरी यांचं अर्थिंग रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर घट्ट करा. ते ढिलं राहिलं, तर महागडं हार्नेसही दगा देईल.