मोरचुदाचा डबा आधी खाली ठेव

अगं, आधी तो मोरचुदाचा डबा खाली ठेव आणि बस इथे. ‘तांब्याच्या नॅनोकणांनी चिघळलेली जखम बरी होते’, हा तुझा रात्री साडेअकराचा मेसेज वाचला मी. सासूबाईंची साखर, टाचेची जखम, त्यात आवण तयार आणि लावणी तोंडावर. जीव टांगणीला लागणारच गं.

खरं सांगू का, हा उद्योग मी केलाय. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात खाचरात काच लागली आणि मी शहाणीने वर मोरचूद चोळलं. तळवा निळा, आग अशी की रात्रभर एका पायावर नाचले. नणंद म्हणाली, “वहिनी, तू काय द्राक्षबाग आहेस, बोर्डो मारायला?”

पण बघ, मेसेज अगदीच खोटा नाही. तांब्याचे आयन जिवाणूचं आवरण फाडतात, आत शिरून त्याची प्रथिनं बिघडवतात. मिलिमीटरचे 10 लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर, आणि हे कण साधारण शंभराच्या आतले. इतक्या बारीक कणातून आयन सहज सुटतात. जुन्या जखमेत जंतू चिकट थर करून बसतात. लोणावळ्याच्या पावसात आपल्या मोरीत बुळबुळीत थर धरतो ना, तसाच. औषध त्याच्या आत नीट पोचत नाही. तिथे हे कण उपयोगी पडतील अशी आशा आहे. शिवाय नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि कोलेजनची वीण घट्ट व्हायला शरीराला थोडं तांबं लागतंच.

मग मोरचूद का नको, तेही तांब्याचंच ना? मेख मात्रेत आहे गं. जंतू कोणता आणि सासूबाईंची कोवळी त्वचा कोणती, हे तांब्याला कळत नाही. जास्त झालं की दोन्ही जाळतं. म्हणून संशोधक ते जेलमध्ये नाहीतर पट्टीच्या धाग्यात बांधतात, हळूहळू झिरपावं म्हणून. परदेशात कॉपर ऑक्साइडच्या पट्ट्या वापरात आल्यात, पण नॅनोकणांचं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच चाललंय. मात्रा कशी तपासतात, त्यासाठी आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचंच बघ. तिथल्या डॉ. किशोर पाकणीकरांच्या गटाने चांदीच्या नॅनोकणांचं जेल केलं, 2009 मध्ये त्यावर निबंध आला. जंतू किती मात्रेत मरतात एवढंच बघून ते थांबले नाहीत, पेशींना आणि कातडीला किती सोसतं तेही तपासलं. डब्यातल्या चिमटीला हे कोण तपासणार?

आता तुझं काम ऐक. मधुमेहीच्या पायाची जखम घरच्या घरी निस्तरायची नसते. उद्याच कामशेतला किंवा वडगावला डॉक्टरांना दाखव, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचार. हळद, राख, चुना काही नको. हात साबणाने धुऊन त्यांनी सांगितली तशीच पट्टी बदल. पाऊस असला तरी पट्टी ओली राहू देऊ नकोस, इस्त्रीने कपडे सुकवतेस तेवढी चिकाटी इथे लाव. टाचेवर भार नको, म्हणजे यंदा सासूबाई खाचरात नाहीत. रागावतील, रागावू दे! गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत, आणि साखर आटोक्यात नसेल तर सोन्याची पट्टी लावूनही उपयोग नाही. लाली पसरली, वास आला, कातडी काळी पडली किंवा ताप चढला, तर बाजाराच्या दिवसाची वाट न बघता तडक दवाखाना गाठ.

घाबरू नकोस. बाळंतपणानंतर चाळीस दिवसांत घर सावरलंस तू, ही तर एक टाच आहे. रोज पट्टी बदलताना जखमेशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढ. जखम आटतेय की पसरतेय ते डॉक्टरांना लगेच कळेल. नाणं जखमेला टेकवू मात्र नकोस हं, तुझा काही भरवसा नाही!