अल्पवजनी अर्भकाची झोप, दूध आणि श्वास

बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले दीड किलो वजनाचे मूल झोपलेले पाहिले म्हणजे ते विसावा घेत आहे, असे आपल्याला वाटते. हा समज निम्माच खरा आहे. १९५३ साली शिकागो येथे अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे अर्भकाच्या झोपेतही सक्रिय निद्रा आणि शांत निद्रा असा भेद करण्यात आला. अकाली जन्मलेल्या मुलाची बहुतेक झोप पहिल्या प्रकारची असते. मिटल्या पापण्यांआड डोळे फिरतात, हातपाय झटकतात, ओठांवर हसू उमटते. सटवाई हसवते आहे, असे आपल्याकडील वडीलधाऱ्या बायका म्हणत, ते याच अवस्थेविषयी.

या निद्रेत बरगड्यांमधील स्नायू सैल पडतात. अर्भकाच्या बरगड्या कूर्चेसारख्या मऊ असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर छाती फुगण्याऐवजी आत ओढली जाते. श्वासपटलाची बरीचशी शक्ती या ओढाताणीतच खर्ची पडते. फुप्फुसातील हवेचा साठाही घटतो. त्यातच वजनाच्या मानाने अर्भकाला प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन लागतो. साहजिकच श्वास क्षणभर थांबला, तरी रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. काही सेकंदांचे विराम या वयात नित्याचेच होत. विराम वीस सेकंदांपर्यंत लांबला, किंवा त्याआधीच मूल निळसर पडले अथवा हृदयाची गती मंदावली, तर मात्र तो धोक्याचा इशारा समजावा.

दूध पाजणे हेदेखील श्वासाच्या दृष्टीने सोपे काम नव्हे. घोट गिळताना श्वासमार्ग क्षणभर बंद होतो. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर बहुतेक दूध नळीने द्यावे लागते. ही नळी नाकातून घातल्यास, मुख्यतः नाकानेच श्वास घेणाऱ्या या जीवाची एक वाट अडते. म्हणून पुष्कळ ठिकाणी ती तोंडातून घालतात. भरलेले पोट श्वासपटलाला वर रेटते, आणि पचन व नव्या पेशींची घडण यांमुळे दूध पाजल्यावर ऑक्सिजनचा खर्च वाढतो.

पण दुधावाचून वाढ कशी व्हावी? दर किलोमागे दिवसाला १२० किलोकॅलरी धरल्या, तर आपल्या दीड किलोच्या मुलाला १८० लागतील. म्हणजे आईचे सुमारे २७० मिलिलिटर दूध, दर दोन तासांनी जेमतेम २२ मिलिलिटर. या तुटपुंज्या शिधेतूनच श्वास, ऊब आणि वाढ यांचा खर्च भागवायचा असतो. मुलाला गार लागले की ते कुडकुडत नाही. तपकिरी मेद जाळून ते ऊब निर्माण करते, आणि वाढीसाठी ठेवलेली पुंजी तिथे संपते.

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी अशा मुलांना आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्यास आरंभ केला, तो मुख्यतः उबवणपेट्या अपुऱ्या होत्या म्हणून. अडचणीतून निघालेली ही तोड पुढे जगभर मान्य झाली. आईच्या अंगाच्या उबेने ऊर्जा वाचते, स्तनही जवळ राहतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने जन्मानंतर शक्य तितक्या लवकर ही पद्धत सुरू करावी, अशी शिफारस केली.

रुग्णालयात उपकरणांच्या देखरेखीखाली अशा मुलाला काही वेळ पालथे निजवतात, कारण त्यामुळे छातीला आधार मिळतो. घरी आल्यावर मात्र त्याला उताणेच निजवावे. पालथ्या झोपेत अर्भकाच्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो.