लहान मेंदूच्या धमन्यांतील विस्फार : निदान आणि उपचारांचे फलित

बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. काही वर्षांपूर्वी एका नऊ वर्षांच्या मुलाला अचानक तीव्र डोकेदुखी व उलट्या सुरू झाल्या. मी पित्त समजून औषध दिले. दुसऱ्या दिवशी त्याचा तोल जाऊ लागला, मान ताठरली. स्कॅनमध्ये मेंदूच्या चौथ्या विवरात रक्त दिसले. मूल वाचले, पण तो गेलेला एक दिवस माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

लहान मेंदूला प्रत्येक बाजूस तीन धमन्या रक्त पुरवितात. मागील-खालची, म्हणजे ‘पायका’, कशेरुक धमनीतून निघते. पुढील-खालची (‘आयका’) व वरची या बेसिलर धमनीच्या शाखा. पायकावरील विस्फार मेंदूतील एकूण विस्फारांच्या जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत असतात. सीटी अँजिओग्राफी कवटीच्या तळापर्यंत घेतली नाही, तर ते निसटू शकतात. शंका उरल्यास दोन्ही कशेरुक धमन्यांची अँजिओग्राफी करणे इष्ट.

१९३७ साली वॉल्टर डँडी यांनी विस्फाराच्या मानेवर प्रथम क्लिप बसविली. १९९० च्या दशकात रक्तवाहिनीतूनच कॉइल भरण्याचे तंत्र रूढ झाले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसॅट’ चाचणीत २,१४३ रुग्ण होते. वर्षाअखेर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलच्या गटात सुमारे २४ टक्के, तर क्लिपच्या गटात सुमारे ३१ टक्के होते. परंतु मागील रक्ताभिसरणातील विस्फार त्यात ३ टक्क्यांहूनही कमी असल्याने तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. पायकाचे मूळच विस्फारातून निघत असेल, तर क्लिप किंवा बायपास श्रेयस्कर ठरू शकतो. शस्त्रक्रियेनंतर गिळण्यास व आवाजास त्रास संभवतो. पुष्कळांत तो कालांतराने ओसरतो. कॉइलनंतर विस्फार पुन्हा भरण्याची शक्यता अधिक, म्हणून नियमित तपासणी हवी.

मात्र फलित ठरविणारा सर्वांत मोठा घटक म्हणजे रुग्ण दाखल होतानाची शुद्ध. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो. ते तास शल्यविशारदाच्या नव्हे, बहुधा आपल्याच हाती असतात. म्हणून क्षणार्धात उद्भवलेली डोकेदुखी, सोबत उलटी आणि डळमळती चाल दिसल्यास पोटावर बोट ठेवण्यापूर्वी मान वाकवून पाहावी.