शेवटच्या ट्रॉलीमागं चाल

पाटोदा,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. बाळू,


फोनवर तू नुसतं ‘हो काका, हो काका’ म्हणतोस आणि तेवढ्यात दुसरा कॉल घेतोस, म्हणून कागदावर लिहितोय. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेव. डिझेलला कुठं थांबलास की वाच.

वहिनींकडून कळलं, यंदा ऊसतोडीला तू कोयता घेऊन नाही, टोळी घेऊन चाललास. बारा कोयते, म्हणजे चोवीस माणसं, त्यांची लेकरं, दोन-तीन म्हाताऱ्या, शेळ्या, कोंबड्या, पत्रे, चुली आणि सहा महिन्यांचं पीठमीठ. मुकादम झालास, चांगलं झालं. तुझा बेतही कळला. टोळी ट्रॅक्टरवर चढवून द्यायची आणि आपण मोटारसायकलवर पुढं जाऊन कारखान्याच्या तळावर कोप्यांसाठी चांगली जागा धरायची. डोकं बरं चालवलंस, पण तो बेत सोड असं मी सांगणार आहे. का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल. इतिहासाचा मास्तर आहे, रिटायर झालो तरी खोड जात नाही.

आठवीत तू माझ्याच वर्गात होतास. खर्ड्याची लढाई म्हणजे मराठ्यांचा शेवटचा मोठा विजय, एवढं एक वाक्य लिहून दोन मार्क घेतले होतेस. दोन मार्कांपुरतं ते बरोबरच आहे. पण खर्डा आपल्या उशाला आहे. पाटोद्याहून सौताड्याचा घाट उतरलं की जामखेड, आणि तिथून पुढं खर्डा. तू पाडव्यानंतर ज्या डोंगरावरून टोळी खाली नेणार, त्याच बालाघाटाच्या दुसऱ्या एका तोंडानं, मोहरीच्या घाटानं, 1795च्या मार्चमध्ये हैदराबादच्या निजाम अलीची अख्खी फौज उतरली होती. बिदरहून मांजरेच्या काठाकाठानं वर आलेली फौज. मांजरा उगम पावते ती आपल्याच तालुक्यात, गौखाडीला. म्हणजे नदीच्या मुळाकडं येत येत डोंगराच्या कडेला पोचायचं आणि मग खाली उतरायचं, अशी ती चाल.

बालाघाट म्हणजे काही हिमालय नव्हे, हे मलाही कळतं. पण लाखभर माणूस, हत्ती, तोफा, बैल, बाजार आणि जनानखाना घेऊन उतरायचं म्हटलं की दोन-तीनशे मीटरचा उतारही पुष्कळ होतो. चढावर माणूस दमतो, जनावर दमतं, पण सगळे सावध असतात. उतारावर प्रत्येकाला वाटतं, आता झालंच. इसवी सनापूर्वी 218 मध्ये हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. पॉलिबियस नावाचा ग्रीक इतिहासकार लिहितो की उतारावर त्याला शत्रू फारसा भेटलाच नाही, तरी जवळजवळ चढावर गेली होती तेवढीच माणसं गेली. ऱ्होन नदीवरून निघताना अडतीस हजार पायदळ आणि आठ हजारांवर घोडेस्वार होते, खाली पोचले वीस हजार आणि सहा हजार. एका ठिकाणी वाट ढासळलेली होती. ती हत्तींपुरती रुंद करायला तीन दिवस गेले आणि तोवर उपाशी हत्ती जागच्या जागी खिळून राहिले. सगळ्यांत जड जे असतं ते मागं असतं, आणि तेच अडकतं.

निजाम अलीला हा धडा आपल्याच जिल्ह्यात आधी एकदा मिळाला होता. गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे, शनीचं ठाणं. आपण सगळे तिथं तेल घालायला जातो, लढाईची आठवण मात्र कोणी काढत नाही. 10 ऑगस्ट 1763. नदी पावसाळ्यातली. निजाम अली निम्मी फौज घेऊन पलीकडं पोचला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडच्या, दक्षिण काठावर मागं राहिला होता. माधवराव पेशवे अठरा वर्षांचे. त्यांनी आणि राघोबादादांनी नेमकं याच शेपटावर घातलं. राघोबादादा स्वतः कोंडीत सापडले होते, त्यांना पुतण्यानं सोडवलं. (चुलत्यांनी पुतण्यांचं ऐकावं, असा याचा अर्थ तू काढशील. काढ.) विठ्ठल सुंदर पडला. धनी पलीकडच्या काठावर, मध्ये भरलेली गोदावरी, आणि आपली माणसं मरताना नुसतं बघायचं. मुकादमीचा पहिला पाठ मी त्या काठावर वाचतो: म्होरक्या पुढं पोचला म्हणजे टोळी पोचली असं होत नाही.

आता बत्तीस वर्षांनी तोच माणूस मोहरीच्या घाटात. कारण चौथाईची थकबाकी, नाना फडणवीसांचा हिशेब आणि निजामाच्या दिवाणाची, मुशीरुल्मुल्काची, उर्मट उत्तरं. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल जॉन शोर याचं धोरण मध्ये न पडण्याचं. त्याचं सविस्तर तुला नको. घाट उतरताना हरिपंत फडक्यांच्या मुलानं, बाबारावानं, पेशव्यांची हुजुरात घेऊन निजामाच्या फौजेवर घातलं, पण ते परतवलं गेलं. निजामाचा तळ त्या रात्री खुशीत होता. घाट तर उतरलो, वर मराठ्यांना पिटाळलंही! दुसऱ्या दिवशी, 11 मार्चला, फौज खर्ड्याहून परांड्याकडं निघाली आणि उजव्या हाताला मराठे दिसले. लगेच सामानसुमान डावीकडं काढायची धांदल सुरू झाली. लढाईसाठी रचलेली फौज वेगळी आणि वाटेवर चालणारी वेगळी. निजामाची त्या सकाळी वाटेवरची होती.

तुझ्या बेताशी खरा संबंध आहे तो मराठ्यांकडच्या गोष्टीचा, म्हणून ती नीट वाच. त्या दिवशीचे सरदारांचे मुख्य परशुरामभाऊ पटवर्धन. भाऊ साधा माणूस नव्हता, उभी हयात घोड्यावर गेलेली. पण जमीन बघायला म्हणून ते थोडी माणसं घेऊन स्वतःच पुढं गेले. पठाण घोडेस्वारांनी गाठलं, भाऊ जखमी झाले, पुतण्या विठ्ठलराव तिथंच पडला. मागच्यांनी पाहिलं, म्होरक्या दिसत नाही. आणि एवढी मोठी फौज मागं हटू लागली. पेशव्यांसमोर लाजिरवाणा प्रकार झाला असता. शिंद्यांचे जिवबादादा बक्षी मागं माणसांत उभे होते, म्हणून सावरलं. त्यांनी तोफा लावल्या, नागपूरकर भोसल्यांच्या अग्निबाणांचा मारा सुरू झाला, पठाणांची घोडी उधळली. ज्या विजयाचे तुला दोन मार्क मिळाले, तो पुढं जागा बघायला गेलेल्या भाऊंनी नव्हे, माणसांत थांबलेल्या जिवबादादांनी मिळवला. भाऊंची थोरवी त्यानं कमी होत नाही, पण मुकादमानं कोणाचा कित्ता गिरवायचा ते कळतं.

आणि ती रात्र! निजामाकडं रेमाँ नावाच्या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी होत्या. पायदळ चांगलं लढलं होतं, पण जनानखान्यात घबराट झाली आणि निजामानं माघारीचा हुकूम दिला. रात्री दमलेले शिपाई भरलेल्या बंदुका उशाला घेऊन झोपले होते. मराठ्यांचे काही स्वार घोड्यांना पाणी पाजायला म्हणून ओढ्यावर गेले. हल्ला करायला नाही, पाणी पाजायला. ओढ्याकाठी निजामाची एक तुकडी पडली होती, तिनं गोळ्या झाडल्या. रेमाँच्या पहारेकऱ्यांनी झाडल्या. मग सबंध रांग झोपेतून दचकून उठली आणि दिसेल तिकडं बार काढू लागली. कोण कुणावर झाडतंय याचा पत्ता नाही. माणसं पळाली, निजाम खर्ड्याच्या भुईकोटात शिरला. सकाळी मराठ्यांना माळावर तोफा, सामान, दारूगोळा नुसता पडलेला सापडला. लढाईत दोन्हीकडची माणसं फार पडली नव्हती. लाखाच्या फौजेचा निकाल रात्रीच्या अंधारानं आणि एका ओढ्यानं लावला. त्या फौजेत बायकांच्याही पलटणी होत्या, आणि त्या बाकीच्यांपेक्षा वाईट वागल्या नाहीत असं लिहून ठेवलेलं आहे.

खर्ड्याचा किल्ला तू पाहिलेला आहेस. निंबाळकरांनी बांधलेला, भिंती भक्कम, पण आत जागा ती किती? त्यात एवढी फौज, वरच्या उंचवट्यांवरून मारा आणि पाण्याचे हाल. दोन दिवसांत तह मागितला.

म्हणून सांगतो. सौताड्याचा घाट रात्री उतरायचा नाही. ड्रायव्हर म्हणेल, रात्री रस्ता मोकळा असतो, पोलिसही नसतात. म्हणू दे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर माणसं, आणि मागच्या ट्रॉलीला धड ब्रेक नाही. उतारावर मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीला ढकलते, हे तुला मी सांगायला नको. घाटाच्या तोंडाशी थांबायचं, पिन आणि साखळी स्वतः हात लावून बघायची, लेकरं आणि पोटुशी बाई मागच्या ट्रॉलीतून काढून पुढं बसवायची. जमलं तर अवघड वळणांवर माणसं उतरवून पायी चालवायची, लोक कुरकुरतील तरी. आणि तुझी मोटारसायकल शेवटच्या ट्रॉलीच्या मागं. तळावरची जागा गेली तर जाऊ दे. चार कोप्या कडेला पडतील, पण त्या टोळीला वर्षभर एकच गोष्ट आठवेल, की मुकादम घाटात आपल्यामागं होता.

तळावर गेल्यावर कोप्यांच्या आधी पाणी बघ. किती लांब, कुणाचं, उन्हाळ्याच्या तोंडाला टिकतं का. फडाजवळची सावली बघून जागा धरलीस आणि हापसा दीड मैलावर निघाला, तर पहाटे तीनला उठणारी बाई दोनला उठेल. मोळ्या तिनंच वाहायच्या, भाकरी तिनंच थापायची. तुम्ही मुकादम लोक कोयता मोजता तो जोडप्याचा, पण आजारी बाईचा खाडा धरता आख्खा. बीड जिल्ह्यातल्या किती ऊसतोड बायकांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्या गेल्या, त्याची चौकशी करायला 2019 मध्ये नीलम गोऱ्हेंची समिती नेमावी लागली होती. खाड्याचा दंड चुकवायला अंग कापून घ्यायची वेळ यावी, यापरतं काय सांगू? तुझ्या वहीत पाळीच्या दिवसांचा खाडा नसावा. कारखान्याचा चिटबॉय काय म्हणेल ते म्हणेल, तो तुझ्या गावचा नाही.

आता उचलीचं. हे बोलायला मला अवघड जातंय, पण बोलतो.

खर्ड्याच्या तहात निजामानं परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, दौलताबादचा किल्ला आणि तीन कोटी रुपये द्यायचं कबूल केलं. वर त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क पुण्याच्या स्वाधीन करायचा, म्हणजे माणूस ओलीस. कागद जबरदस्त झाला. मिळालं काय? त्याच ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून गेले, पुण्यात गादीसाठी भांडणं लागली, आणि त्या भांडणात प्रत्येकाला निजामाची मदत हवी झाली. ओलीस ठेवलेला तोच दिवाण पुण्यात बसून सौदे करू लागला. तो सुटलाही आणि तहातल्या अटींचा मोठा भाग सोडवूनही घेऊन गेला. ज्याला धरून ठेवलं होतं त्याच्याच हातात दोरी आली. इतिहासकार ग्रँट डफनं नोंदवलंय की विजयानंतर तरुण पेशव्याचा चेहरा उतरलेला होता आणि नानांनी कारण विचारल्यावर तो म्हणाला, एक बाजू एवढ्या सहज शरण आली आणि दुसरी न लढता फुशारकी मारते, हे पाहून वाईट वाटतं. वीस-एकवीस वर्षांचं पोर होतं ते. नानांसारख्या मुरब्बी माणसाला जे दिसलं नाही ते त्याला दिसलं, असं मला वाटतं.

तू सावकाराकडून पैसा उचलून बारा कोयत्यांना आगाऊ उचल दिलीस. एखादं जोडपं अर्ध्यात पळून जाईल. जातातच. मग तुझ्यासारखीच नवी पोरं जीप घेऊन त्याच्या गावी जातात, त्याच्या म्हाताऱ्या बापाला नाहीतर पोरीला उचलून आणतात आणि पैसे येईपर्यंत बसवून ठेवतात. हे आपल्या भागात घडतं हे तुलाही माहीत आहे, मलाही. तू ते करायचं नाहीस. कायद्याची भीती घालत नाही, ती आहेच. पैसा बुडाला तर माझ्या पेन्शनीतून काही भागवू, दोन एकर गहाण टाकू, पण माणूस धरून वसुली करायची नाही. आणि ती वेळ येऊ नये म्हणून फिटेल एवढीच उचल दे. मागच्या हंगामात कुणी किती टन तोडला ते विचार आणि त्याच्या अंगाला झेपेल तेवढाच आकडा वहीत लिही. लग्न आहे म्हणून कुणी जास्त मागेल, तेव्हा नाही म्हणायला शीक. मोठी उचल देणारा मुकादम गावात दिलदार ठरतो, हंगामाच्या शेवटी तोच गुंड ठरतो.

दोन कामं राहिली. कारखान्याशी केलेल्या कराराची प्रत मला व्हॉट्सॲपवर पाठव, चष्मा लावून वाचतो, तोडणीचा आणि वाहतुकीचा दर वेगळा लिहिलाय का ते बघायचंय. आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाच्या नोंदणीची कागदं सगळ्या कोयत्यांची झाली का? ज्यांची नाहीत त्यांना पाडव्याआधी माझ्याकडं पाठव, ग्रामसेवकाकडं मी स्वतः बसतो. शाळेतल्या पोरांचे दाखलेही तेव्हाच आणायला सांग. तळाजवळच्या शाळेत नाव घालता येतं, हेडमास्तर नाही म्हणाला तर माझा नंबर दे.

तुझ्या काकूनं धपाट्याचं पीठ करून ठेवलंय. निघायच्या आदल्या दिवशी घेऊन जा, आणि येताना ट्रॅक्टरही आण. मागच्या ट्रॉलीची पिन मला बघायची आहे.

तुझा,
काका