तागा, जांगड आणि शाहजोग

पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाई गिरण्यांतील खानदेशी कामगार ज्यास 'तागा' म्हणतो, त्यासच गुजराती पेढीवर 'ताको' म्हणतात. येथे घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो 'जांगड' या शब्दाने. जांगड म्हणजे पसंतीसाठी नेलेला माल. पसंती कळेपर्यंत मालकी देणाऱ्याचीच. आमच्या एका नवख्या कारकुनाने असा माल विक्रीखाती चढविला. पुढे तो परत आला, आणि हिशेब जुळविताजुळविता दिवाळी उजाडली! यास्तव व्यापारी बंधूंनी चिठ्ठीवर 'जांगड' हा शब्द स्पष्ट लिहावा. हुंडीवरील 'शाहजोग' हाही असाच : पैसे वाटेल त्यास नव्हे, बाजारात पत असलेल्या शाहासच द्यावयाचे. 'दर्शनी' हुंडी मात्र दाखविताच देय. तीत समजावयाचे फारसे नाही.