झाकणावर जाऊ नका

प्रश्न : माझे काका मस्कतला नोकरीला होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी आणलेली रिमोटची गाडी परवा माळा आवरताना सापडली. खोके नाही, स्टिकर गळून गेलेत. बुडाला ‘टामिया’ आणि १९८४ असे उठवलेले आहे, पण काका म्हणतात की गाडी ८८ किंवा ८९ साली घेतली. वरचे झाकण काळे, पातळ प्लास्टिकचे आहे. सोबतच्या बिस्किटाच्या डब्यात चार वस्तू निघाल्या. तारा जोडलेला पांढरा चिनीमातीचा ठोकळा. दोन पायांची पत्र्याची चपटी डबी, तिच्यावर २६.६९० हा आकडा आणि पिवळी खूण. एक छोटे दातेरी चाक, जे मोटरीच्या दांड्यावर घातले तर खुळखुळते. आणि दोन्ही टोके षटकोनी असलेली पोलादी कांडी. गाडी कोणती? या वस्तू कशाच्या? आणि ती पुन्हा चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नुसते काळे झाकण पाहून कोणीही जाणकार ‘हॉर्नेट’ म्हणाला असता आणि फसला असता. तुम्ही बुडाचे आणि मागच्या बाजूचेही फोटो पाठवलेत हे फार बरे केलेत. तुमची गाडी ‘ग्रासहॉपर’ आहे. अंगावरचे कपडे तेवढे हॉर्नेटचे आहेत.

जुनी रिमोटची गाडी ओळखायची तर झाकण आधी उचलून बाजूला ठेवावे. आपटून फुटते ते झाकण, बदलले जाते तेही झाकणच. या दोन्ही गाड्या जपानच्या शिझुओकामधल्या टामिया कंपनीने १९८४ सालीच काढल्या. दोघींचा टबासारखा सांगाडा आणि गिअरबॉक्स एकच, त्यामुळे एकीचे झाकण दुसरीवर सहज बसते. ग्रासहॉपरचे मूळ झाकण जाड, कडक प्लास्टिकचे असते, तर हॉर्नेटचे पातळ पॉलिकार्बोनेटचे, आतून रंगवायचे. फरक पाहायचा तो मागे. हॉर्नेटच्या मागच्या धक्काशोषकांत तेल असते. तुमच्या गाडीला नुसत्या स्प्रिंगा आहेत. दुसरी खूण मोटरीची. हॉर्नेटला ५४० जातीची मोटर येते, तिचा डबा सुमारे ३६ मिलिमीटर जाड असतो. ग्रासहॉपरची ३८० जातीची मोटर जेमतेम २८ मिलिमीटरची. तुमच्या फोटोत मोटरीशेजारी ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याने माझे काम सोपे केले.

आता १९८४चा घोळ. प्लास्टिकवर उठवलेले साल हे साच्याचे असते, गाडीचे नव्हे. साचा महाग, म्हणून कंपनी तो वर्षानुवर्षे वापरते आणि दुसऱ्या गाड्यांनाही लावते. ग्रासहॉपरचा गिअरबॉक्स १९८७च्या ‘लंच बॉक्स’ या गुबगुबीत व्हॅनखालीही सापडतो. त्यामुळे काकांची आठवण आणि बुडाखालचे साल यांत भांडण नाहीच. खोके असते तर प्रश्न लगेच मिटला असता. टामियाने १९७६ साली पहिली रिमोट गाडी, पोर्श ९३४, काढली तिला ५८००१ क्रमांक दिला आणि पुढे आकडे वाढत गेले. मूळ ग्रासहॉपर ५८०४३, हॉर्नेट ५८०४५. २००४-०५च्या सुमारास कंपनीने या दोन्ही पुन्हा बाजारात आणल्या, तेव्हा त्यांना अनुक्रमे ५८३४६ आणि ५८३३६ हे नवे क्रमांक मिळाले. जुन्या खोक्याची किंमत सांगणारा विक्रेता ५८३ने सुरू होणारा आकडा दाखवत असेल, तर घासाघीस जरूर करा.

डब्यातल्या वस्तूंकडे वळण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही गाडी दुकानातून तयार आलेली नव्हती. सुटे भाग, स्क्रू आणि चित्रांचे पुस्तक, असा संच मिळायचा आणि घेणाऱ्याने ती घरी बसून जोडायची. निक्को किंवा तायो यांच्या तयार खेळण्यांत रेडिओ आणि मोटरीचे नियंत्रण एकाच सर्किट बोर्डावर असते, तो बिघडला की खेळ संपला. इथे रिसीव्हर वेगळा, त्याच्या हुकमाने दांडी हलवणारा सर्व्हो वेगळा, मोटर वेगळी. म्हणून जोडणाऱ्याचे बेत आणि त्याच्या हौशी अशा डब्यांत उरतात.

चिनीमातीचा ठोकळा म्हणजे रेझिस्टर. त्या काळी गाडीचा वेग सर्व्होच्या दांडीने तांब्याच्या पट्ट्यांवर सरकणारा संपर्क ठरवायचा. हळू चालवायचे तर बॅटरीची वीज या ठोकळ्यातून जाई आणि उरलेली शक्ती चक्क उष्णता होऊन वाया जाई. गाडी थोडा वेळ हळू चालवली की तो हात भाजण्याइतका तापतो. कोणीतरी पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवला असेल, म्हणून हा निघून डब्यात आला.

पत्र्याची डबी हे क्रिस्टल, आणि तिच्यावरचा आकडा मोठा लबाड आहे. या गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत, मग २६.६९० कुठून आले? रिसीव्हरचे क्रिस्टल मुद्दाम ४५५ किलोहर्ट्झ खालचे असते. हवेतून आलेला संकेत आणि क्रिस्टलचा आकडा यांतला तो ४५५चा फरकच रिसीव्हर पुढे वाढवतो. घरच्या मीडियम वेव्ह रेडिओच्या पोटातही हाच आकडा असतो. २६.६९० मध्ये ०.४५५ मिळवा, २७.१४५ येते, आणि त्या चॅनेलची ठरलेली खूण पिवळीच. (तपकिरी २६.९९५, लाल २७.०४५, नारिंगी २७.०९५, हिरवी २७.१९५, निळी २७.२५५.) रिमोटमधल्या क्रिस्टलवर २७.१४५ लिहिलेले असेल तर ही जोडी जुळली. ही दोन क्रिस्टल अदलाबदल करून बसवू नका.

दातेरी चाक मला सर्वांत आवडले, कारण त्यातून काकांचा बेत उघड होतो. ३८० मोटरीचा दांडा २.३ मिलिमीटरचा, ५४०चा ३.१७. खुळखुळणारे चाक मोठ्या मोटरीचे आहे. काकांना ग्रासहॉपरमध्ये ५४० बसवायची होती, जे त्या काळी सर्रास चाले. झाकण हॉर्नेटचे, मोटरही हॉर्नेटची. तेलाचे धक्काशोषक घेणे राहून गेले असावे. चाक कुठल्या दात्यांचे हे तपासायचे तर बाहेरचा व्यास मोजा आणि दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागा. उत्तर ०.८च्या आसपास आले तर या गिअरबॉक्सला चालेल.

षटकोनी टोकांची कांडी मात्र या गाडीची नाही, कधीच नव्हती. ग्रासहॉपरचा मागचा आस अखंड असतो, त्यात अशी कांडी लागतच नाही. ती १९८३च्या ‘फ्रॉग’ किंवा ‘सुबारू ब्रॅट’ची, नाहीतर त्याच सांगाड्यावरच्या ‘ब्लॅकफूट’ किंवा ‘मॉन्स्टर बीटल’ची. षटकोनी टोके झिजून गोल होतात ही त्यांची जुनी खोड होती. फ्रॉग २००५ साली पुन्हा निघाली तेव्हा टामियाने हे टोक बदलून आडव्या पिनचे केले. म्हणजे तुमची कांडी जुन्या पिढीची आहे. काकांना विचारून पाहा, मस्कतला दुसरी गाडी कोणाची होती.

चालेल, नक्की चालेल. पण जुनी बॅटरी लावू नका. त्या निकेल-कॅडमियमच्या सहा सेलमधून पांढरी पूड बाहेर आली असेल तर हातमोजे घाला. टोकांना लागलेली पूड व्हिनेगरने पुसा, सेल इ-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नको. नवी ७.२ व्होल्टची बॅटरी घ्या. स्क्रू काढताना जपानी मापाचा पेचकस मिळाला तर पाहा. आपला नेहमीचा फुली पेचकस या स्क्रूंच्या डोक्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोके खाऊन टाकतो. रिमोट दगा देत असेल तर हल्लीचा २.४ गिगाहर्ट्झचा संच बसवता येतो. फक्त जुना सर्व्हो त्याला जोडण्यापूर्वी तारांचा क्रम पाहा. सान्वा कंपनीच्या जुन्या सर्व्होंत धन-ऋण तारांची जागा आजच्यापेक्षा वेगळी असते, आणि चुकीचा प्लग आत गेला तर रिसीव्हर जळू शकतो.