पिवळी पट्टी : संगणकावरील विश्वासाचा प्रश्न

(द्वितीय वर्ष, कला)

संगणक हा कला शाखेचा विषय नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांना पदवी हाती पडण्यापूर्वीच पतसंस्था, वाचनालय, दवाखाना अशा ठिकाणी नोंदी करण्याचे काम मिळते, आणि तेथे गाठ पडते ती मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या डेटाबेसशी. १९९२ साली बाजारात आलेला हा प्रोग्रॅम लहान संस्थांत अजून टिकून आहे. कुणी जाणकार त्यात खातेदारांची यादी, हप्ते, पावत्या यांची सोय करून देतो, ती फाईल चार संगणकांवर उतरवतो आणि निघून जातो. ती फाईल उघडताच वर जी पिवळी पट्टी दिसते, तिच्याविषयी येथे लिहायचे आहे.

खडवली परिसरातील एका पतसंस्थेत मी सुट्टीत नोंदी करण्याचे काम केले. तेथे प्रत्येक पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘पिवळी पट्टी आली की एनेबल कंटेंट दाबणे.’ पट्टी काय म्हणते, हे कुणी वाचलेले नव्हते. वाचण्याची गरजच चिठ्ठीने संपवली होती.

पट्टी म्हणते ते असे : या फाईलीत नुसती माहिती नाही, काम करणाऱ्या आज्ञाही आहेत, त्या मी तूर्त थांबवल्या आहेत. या आज्ञा म्हणजे मॅक्रो आणि व्हीबीए भाषेतील कोड. त्या बंद असताना फाईल उघडते, तक्ते दिसतात, पण बटण दाबले तर पावती निघत नाही आणि माहितीत बदल करणाऱ्या क्वेऱ्या चालत नाहीत. म्हणून कारकून वैतागतो. ॲक्सेस २०१० पासून एकदा परवानगी दिली की त्या संगणकावर त्या वापरकर्त्याला त्या फाईलीसाठी पुन्हा विचारले जात नाही. मात्र फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की प्रश्न पुन्हा उभा.

हा पहारा उगाच बसवलेला नाही. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस वर्डच्या फाईलीतून जगभर पसरला. फाईल उघडून आज्ञा चालू दिल्या की तो पत्त्यांच्या यादीतील पहिल्या ५० जणांना स्वतःची प्रत पाठवी. पण त्याआधी तो आणखी एक काम करी : वर्डमधील मॅक्रोविरोधी सुरक्षा खालच्या पातळीवर आणून ठेवी. ‘कटकट नको, सेटिंगमध्ये जाऊन सगळे मॅक्रो चालू करा’ असा सल्ला जेव्हा एखादा जाणकार देतो, तेव्हा मेलिसाला जे चोरून करावे लागले ते तो उजळ माथ्याने करतो. तेवढ्याने पतसंस्थेची फाईल चालते खरी, पण पुढे टपालातून येणारी कोणतीही फाईल तितक्याच सहज चालते.

आमच्या आजीला सही येत नव्हती. कागद पुढे आला की ती ‘अंगठा कुठं उठवू?’ एवढेच विचारी. घरातली पहिली महाविद्यालयात गेलेली मी, आणि न वाचता बटण दाबत होते तेव्हा मला आजीचा अंगठा आठवला. इतिहासाच्या तासाला आपण १८७५ चे दख्खनचे दंगे शिकलो. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे रोजी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्या दंग्यांत ठिकठिकाणी रोख होता तो कर्जखतांवर. ती हिसकावून जाळली गेली. आत काय लिहिले आहे हे ठाऊक नसताना त्यांवर अंगठे उठले होते. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावे अशी तरतूद केली. केवळ ‘वाचून सही करा’ असे सांगून भागणार नव्हते. खात्री करून घेण्याचे काम कुणा जबाबदार माणसाकडे सोपवावे लागले.

ॲक्सेसमध्येही नेमकी हीच सोय आहे. ट्रस्ट सेंटरमध्ये ‘ट्रस्टेड लोकेशन’ म्हणून एक फोल्डर नेमून देता येतो. त्या फोल्डरमधील फाईल पट्टीविना उघडते आणि बाकी सर्वत्र पहारा कायम राहतो. नोंद प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी करावी लागते. ज्या संगणकावर पूर्ण ॲक्सेस नसून फुकट मिळणारे रनटाइम आहे, तेथे ट्रस्ट सेंटरचा पडदाच दिसत नाही; म्हणून फाईल देणाऱ्यानेच ती नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत करून द्यायची असते. चार संगणकांचे हे काम अर्ध्या तासाचे. ते टाळून चिठ्ठी चिकटवणे हा माझ्या मते निव्वळ आळस आहे.

फोल्डर मात्र विचार करून निवडावा. डेस्कटॉप किंवा डाउनलोड्स कधीही नको, कारण बाहेरून आलेले सारे तेथेच पडते. नेटवर्कवरील फोल्डरला ॲक्सेस आपणहून नकार देतो, आणि तो मोडून काढण्याची सोय असली तरी शिफारस नाही. तक्ते एका फाईलीत, सर्व्हरवर. फॉर्म व कोड दुसऱ्या फाईलीत, प्रत्येकाच्या संगणकावर, अशी विभागणी केली की ही अडचण बहुधा येत नाही.

२०२२ पासून मायक्रोसॉफ्टने नियम आणखी कडक केला. ईमेलने किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाईलीवर विंडोज एक खूण ठेवते. तशा फाईलीवर आता लाल पट्टी येते आणि तिच्यावर ‘एनेबल’चे बटणच नसते. पेनड्राईव्ह बहुधा जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, त्यामुळे त्यावरून नेताना ही खूण गळून पडते आणि पुन्हा पिवळीच पट्टी दिसते. फाईल त्यामुळे अधिक चांगली होत नाही, हे सांगायला नकोच.

दुसरा मार्ग डिजिटल सहीचा. ई-आधारची पीडीएफ उघडल्यावर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह आपण पाहिले असेल. सही खोटी असते असे नाही. सही करणाऱ्याला आपला संगणक ओळखत नसतो. कोडवरील सहीचेही तसेच आहे. फाईल कुणाची आणि वाटेत कुणी तिला हात लावला का, एवढेच ती सांगते. आतला कोड सज्जन आहे, असे सही कधीच सांगत नाही.

विश्वासाच्या जागेलाही मर्यादा आहे. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातील गेटवे टर्मिनल्सचे कामकाज ठप्प झाले. कारण झालेला ‘नॉटपेट्या’ निघाला होता युक्रेनमधून, ‘एम.ई.डॉक’ या तेथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधून. अपडेट नेहमीच्याच वाटेने आले, म्हणून कुणाला शंका येण्याचे कारण नव्हते. तेव्हा त्या फोल्डरमध्ये नवी फाईल ठेवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा, कारकुनांना तेथे केवळ वाचण्याची मुभा असावी, आणि फाईल कुणी, कोणत्या तारखेला, कुठून आणली याची नोंद संस्थेच्या साध्या वहीत राहावी. जाणकार गाव सोडून गेला तरी वही कपाटातच असते.